डावखुऱ्याच्या मागे जॉर्जियापर्यंत

सुट्टीहून परत आलं की मंडळाच्या गणपतीत सगळे एकमेकांना विचारतात, यंदा कुठे गेला होतात? कोणी यलोस्टोन सांगतं, कोणी अलास्काची क्रूझ. आम्ही म्हटलं, जॉर्जिया. तिथे काय आहे बघायला, असं एका काकूंनी विचारलं, तर माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "आमचा रॅमॉन आहे. म्हणजे, होता." कोण रॅमॉन, हे सांगायला लागले तोवर आरती सुरू झाली आणि ते तसंच राहिलं. म्हणून आता बसून नीट लिहिते.

रॅमॉन हा बेसबॉलमधला पिचर. पिचर म्हणजे आपला गोलंदाज समजा, फक्त हा धावत येत नाही आणि चेंडूचा टप्पाही पाडत नाही. आम्ही मिशिगनमध्ये तळ्याकाठच्या ज्या लहान गावात राहतो, तिथे मायनर लीगची एक टीम आहे. टीव्हीवर दिसतात ते मोठ्या लीगचे लोक. हे त्यांच्या खालच्या पायऱ्यांवर उभे राहून वरच्या बोलावण्याची वाट बघणारे. पगार इतका बेताचा की घरभाडं परवडत नाही, म्हणून गावातली कुटुंबं उन्हाळ्यापुरतं एकेका खेळाडूला घरी ठेवून घेतात. आपल्याकडे पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची, त्यातलाच प्रकार. २००५ साली आमची केतकी ॲन आर्बरला शिकायला गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि माझा नवरा सुधीर हा क्रिकेटवाचून तडफडणारा माणूस. त्याने मला न विचारता आमचं नाव देऊन टाकलं.

मी आठवडाभर धुसफुसले. मग तो आला. एकोणीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या उसाच्या गावचा. माझं माहेर कराडकडचं, तेही उसाचंच. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही काही फार धड नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमलं. पहिल्या दिवशी ताटात भात आणि राजमा बघून तो हसायलाच लागला. त्याच्या घरी रोज हेच. कच्च्या केळ्याचे काप त्याची आईसुद्धा तळते, फक्त मधेच काढून चेपते आणि पुन्हा तळते. तिच्यासारखे काप मला जमले तेव्हा तो मला 'मावशी' म्हणायला लागला.

एकच अडचण होती. तो डावखुरा. जेवायचाही डाव्या हाताने. माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या हातातला घास काढून काढून आईने त्याला सरळ केलेलं मी पाहिलंय, त्यामुळे समोर बसून ते बघणं मला जड जायचं. सुधीर म्हणायचा, "अगं, डावखुरा पिचर म्हणजे सोनं. त्याचं पोट त्या हातावर आहे." असेल. पण पहिल्या मॅचला निघताना मी सवयीने दही-साखर घेऊन आले, तर पठ्ठ्याने डावा तळवा पुढे केला. मी तो बाजूला सारला. फेकतो तर याच हाताने, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, फेक हव्या त्या हाताने, दही उजव्याच हातावर मिळेल.

त्या दिवशी तो असा काही खेळला की पेपरात फोटो आला. झालं. बेसबॉलवाले आपल्यापेक्षा देवभोळे. मैदानातल्या पांढऱ्या रेषेवर पाय पडू देत नाहीत, जिंकत असतील तर मोजे बदलत नाहीत. तेव्हापासून दही-साखरेशिवाय रॅमॉन मॅचला निघाला नाही. पुढच्या वर्षी वरच्या टीमकडे गेला तरी तिथे दुकानातलं दही आणून स्वतःच स्वतःच्या उजव्या हातावर घ्यायचा आणि तसं फोनवर सांगायचा. सुधीर रोज सकाळी चहा घेत कॉम्प्युटरवर त्याचे आकडे बघायचा. २००७ मध्ये तो टेनेसीतल्या टीमकडे पोचला. मोठी लीग तिथून दोनच पायऱ्या वर.

आणि मग या वर्षी, २००८ च्या उन्हाळ्यात, फोन कमी झाले. "मावशी, कोपर थोडं दुखतं," एवढंच तो म्हणायचा. त्याचा करार याच वर्षी संपत होता. क्लबने सोडलं की व्हिसाही गेला, घरी परत. वर नेतील की घरी पाठवतील, एवढंच ठरायचं होतं. आम्हाला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. २००२ मध्ये सुधीरची नोकरी गेली, आमचा व्हिसाही तिच्यावरच होता, तेव्हा आम्ही चार महिने अर्ध्या भरलेल्या बॅगांमध्ये राहिलो होतो. ऑगस्ट लागला तसा सुधीर म्हणाला, "जाऊन येऊ या. त्याला बरं वाटेल." रॅमॉनला कळवलं, तर तो म्हणाला, या, आणि दही आणा.

डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो

वाट थोडी वाकडी करून आम्ही शिकागोला, आपल्या दुकानांच्या रस्त्यावर, डेव्हनवर थांबलो, कारण आमच्या गावात कच्ची केळी मिळत नाहीत. पार्किंग शोधण्यात सुधीरने तीन चकरा मारल्या आणि नेहमीप्रमाणे दोष माझ्या केळ्यांना दिला. पटेलभाईंच्या दुकानातून केळी, राजमा, बासमती घेतला. घरचं दही स्टीलच्या डब्यात, आइसबॉक्समध्ये होतंच. राइस कुकर डिकीत. मोटेलमध्ये स्वयंपाक करायला मनाई असते हे मला ठाऊक आहे. पण भात लावणं म्हणजे काही स्वयंपाक नव्हे.

जेवलो ते एका साध्या हॉटेलात. उठताना सुधीरने टेबलावरच्या साखरेच्या पुड्या शर्टाच्या खिशात घातल्या. हा त्याचा जुना रोग. मीठ, साखर, केचप, जे फुकट मिळेल ते. घरात एक अख्खा खण त्या पुड्यांनी भरलाय. मी म्हटलं, लोक हसतील. तो म्हणाला, लोकांना कधी साखर कमी पडली तर मग माझ्याकडे यायचं नाही. याच्यापुढे मी कधीच हात टेकलेत.

टेनेसी

केंटकीतून खाली उतरलं की हवा बदलते. मिशिगनचा उन्हाळा अंगाला सुखावतो, हा चिकटतो. डोंगर मात्र देखणे, निळसर, थेट आपल्या सह्याद्रीची आठवण करून देणारे. पाटणच्या बाजूला पावसानंतर दिसतात तसे. लोक सावकाश बोलतात आणि अनोळखी बाईलाही 'हनी' म्हणतात. पहिल्यांदा ऐकून मी दचकले, मग सवय झाली.

संध्याकाळच्या मॅचसाठी आम्ही लवकर पोचलो. रॅमॉनचा फोन आदल्या दिवसापासून बंद होता. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंना आम्ही सांगितलं, आम्ही त्याच्या मिशिगनच्या घरचे. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, त्याला परवाच खालच्या टीमकडे पाठवलं, दक्षिण जॉर्जियात. बसने गेला. गुणी मुलगा होता.

त्या 'होता'शी मी अडकले. वर जाणाऱ्याला खाली पाठवलं की त्याचा अर्थ काय, हे आम्हाला इतक्या वर्षांत कळत होतं. तरी तिकिटं काढली होती म्हणून आत जाऊन बसलो. लोक पॉपकॉर्न खात होते, माणसं डुकरांचे आणि कोंबड्यांचे वेष करून मैदानात शर्यती लावत होती. मग पिचर आला आणि पाठमोरा झाला. रॅमॉनचाच नंबर त्याच्या पाठीवर होता. दोन दिवसांत तो शर्ट धुऊन दुसऱ्याच्या अंगावर चढला होता. सुधीर म्हणाला, "चल." आम्ही मोटेलवर परत आलो आणि दहीभात खाल्ला.

अल्फारेटा

दक्षिण जॉर्जियाच्या वाटेवर, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला मोहन आणि शैलाकडे मुक्काम केला. दोघंही नागपूरचे. मोहन आणि सुधीर पूर्वी एकाच कंपनीत होते, आणि २००२ मध्ये दोघांना एकाच दिवशी काढलं. आता मोहनचं भलंमोठं घर आहे, मागे डेक आहे, आणि त्यांची मुलं आपण मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तरं देतात. शैलाने कोथिंबीर भरून पुडाच्या वड्या केल्या होत्या. तिखटाने आमच्या सातारी जिभांचीही परीक्षा झाली.

जेवताना मोहनने थट्टा सुरू केली. यार, तुम्ही त्याला ॲडॉप्ट केलंय की काय? लोक पोटच्या पोरांच्या मॅचला जात नाहीत. केतकीचाही त्याच सुमाराला फोन आला, तिचंही तेच. आई, ही इज अ ग्रोन मॅन. मी फोन ठेवून दिला. दोघंही खोटं बोलत नव्हते. हा मुलगा आमचा कोण, हे मलाही सांगता आलं नसतं.

सुधीरने मात्र उत्तर दिलं. त्याने जे झालं ते सांगितलं, कोपराचं, शर्टाचं. मोहन ऐकत राहिला. मग वडी खाली ठेवून म्हणाला, "सोडून देतील त्याला."

"माहीत आहे," सुधीर म्हणाला.

"मग तुम्ही जाच. आपल्याला सोडलं तेव्हा कोण आलं होतं बघायला?"

त्यानंतर थट्टा झाली नाही. शैलाने सकाळी आमच्या डब्यात तिच्या घरचं दही घातलं, कारण आमचं आंबट झालं होतं. तिच्या हाताला दही फार छान लागतं, घट्ट आणि गोडसर.

दक्षिण जॉर्जिया

अटलांटा मागे पडलं की दोन्ही बाजूंना लाल माती सुरू होते आणि भुईमुगाची शेतं. रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगांच्या टपऱ्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, अगदी आपल्यासारख्या. अमेरिकेत राहायला लागल्यापासून उकडलेल्या शेंगा मी तिथे पहिल्यांदा खाल्ल्या. बाईंनी वर मूठभर जास्त दिल्या.

मैदान जुनं, लाकडी बाकांचं. रविवार दुपारची मॅच, आणि ऊन असं की बाकाला हात लावता येईना. खेळाडूंच्या फाटकाशी आम्ही उभे राहिलो. रॅमॉन बाहेर आला, आम्हाला बघून थबकला. बारीक झाला होता. मिठी मारली ती एका हाताने. फोन का बंद ठेवलास, म्हणून मी रागावायचं ठरवलं होतं. पण तो स्वतःच म्हणाला, "मावशी, लाज वाटली." मग काय रागावणार.

मी डबा काढला. त्याने उजवा तळवा पुढे केला, न सांगता. डावा हात अंगाशी धरलेला होता. तो सरळ होत नव्हता हे मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं. दही-साखर खाऊन तो आत गेला. मी सुधीरला म्हटलं, हा कसा फेकणार? सुधीर म्हणाला, फेकेल, न फेकून सांगतो कोणाला.

आणि फेकलंही. पहिल्या दोन डावांत (इथे छोटे छोटे नऊ डाव असतात) कोणाला त्याच्या चेंडूला बॅटही लावता आली नाही. शेजारी टीमची टोपी घातलेले एक म्हातारे बसले होते. ते म्हणाले, हा मुलगा वरचा आहे, इथला नाही. माझा ऊर भरून आला. मला क्षणभर खरंच वाटलं की हे सगळं आपण उगाच मनाला लावून घेतलं. माणूस किती लवकर आशेला लागतो बघा.

तिसऱ्या डावात एक चेंडू टाकून त्याने हात झटकला. पुढचा टाकला तो कुठेतरी कडेला गेला. तो पाठ करून उभा राहिला. मग टीमचा मॅनेजर आतून निघाला.

हे मी आधीही पाहिलं होतं, पण त्या दिवशी वेगळं दिसलं. आपल्याकडे गोलंदाज थकला तर त्याला सीमेवर पाठवतात, तासाभराने पुन्हा बोलावतात. इथे तसं नाही. मॅनेजर सावकाश चालत मधोमध येतो, हात पुढे करतो, आणि पिचरने चेंडू त्याच्या हातात ठेवायचा. एकदा ठेवला की त्या मॅचमध्ये परत यायचं नाही. रॅमॉनने चेंडू लगेच दिला नाही. हातात फिरवत राहिला. मॅनेजर घाई न करता तसाच उभा होता, भला माणूस असावा. मग रॅमॉनने चेंडू ठेवला आणि पांढऱ्या रेषेवर पाय न देता, ती ओलांडून, बाहेर आला.

लोकांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या आणि खाली बसले. सुधीर उभाच राहिला. बाकीच्या टाळ्या थांबल्या तरी त्याच्या चालूच होत्या, एकट्याच्या. रॅमॉनने वर पाहिलं नाही. मी सुधीरचा शर्ट ओढला नाही. एरवी ओढला असता.

अटलांटाकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. क्लबने सोडलं. संध्याकाळचं विमान, अटलांटाहून. क्लबची व्हॅन सोडणार होती, पण त्याला आमच्याबरोबर यायचं होतं. मी कुकर लावला, राजमा केला, उरलेल्या केळ्यांचे काप तळायला मोटेलच्या मालकीणबाईंनी, त्या गुजराती, आपली शेगडी दिली. कशासाठी ते सांगितल्यावर त्यांनी बरोबर ठेपलेही बांधून दिले.

तीन वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं. वाटेत एका रेस्ट एरियात झाडाखाली बसून जेवलो. तो उजव्या हाताने जेवत होता, सांडत सांडत. आयुष्यात पहिल्यांदाच जेवत असावा तसा. माझ्यासमोर कोणी उजव्या हाताने जेवलं म्हणून मला रडू येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

परत आले तेव्हा सुधीर त्याला सांगत होता, त्याची नोकरी गेली तेव्हाचं. बॅगांचं, रोज सकाळी कुठे जायचं नसतानाही दाढी करायचा त्याचं. असं बसून हे त्याने कधी केतकीलाही सांगितलं नाही. रॅमॉनने विचारलं, "मग काय झालं?"

सुधीरने ठेपल्याचा तुकडा मोडला. खोटा धीर देणं त्याला जमत नाही. म्हणाला, "मला दुसरी नोकरी मिळाली. तुझ्या कामात दुसरी नोकरी नसते, ते मला माहीत आहे."

रॅमॉनने मान हलवली. मला वाटतं, त्याला ते बरं वाटलं. मग तो म्हणाला की अजून आईला सांगितलेलं नाही. गावातली पोरं विमानतळावर येतील, त्यांना वाटेल सुट्टीवर आला. मी म्हटलं, आईला विमानात बसायच्या आधी सांग, म्हणजे तिला तुझ्यासाठी काय रांधायचं ते ठरवता येईल. तो पहिल्यांदाच थोडं हसला. त्याने तिथूनच फोन लावला. मला त्यांची भाषा कळत नाही. पलीकडून ती माउली खूप वेळ बोलत राहिली. तो नुसता 'सी, मामी' म्हणत होता.

विमानतळावर गाडी कडेला लावून आम्ही उतरलो. तिथे फार वेळ उभं राहू देत नाहीत. मी डिकीतून डबा काढला. तळाशी विरजणापुरतं दही उरलं होतं. डबा दिसताच त्याने उजवा तळवा पुढे केला.

"तो नको," मी म्हटलं. "डावा दे."

त्याला वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही. "डावा? मावशी, आज मॅच नाही."

"डावाच दे. तीन वर्षं काम त्याने केलं, आणि दही दुसऱ्यानेच खाल्लं."

त्याने हात पुढे केला. सुजलेलं कोपर, मनगटापर्यंत पट्टी, तळव्यावर चेंडूच्या शिवणीने पडलेले घट्टे. मी सगळं दही खरवडून त्यावर ठेवलं. आणि साखर मात्र मोटेलवरच विसरले होते. सुधीरने खिशातून डेव्हनची पुडी काढली, फाडली आणि वर साखर घातली.

त्याने हात तोंडाशी न्यायला बघितलं, पण पट्टीतलं कोपर आणखी वाकेना. पुन्हा बघितलं. मग तो उंच मुलगा तिथेच, गाड्यांच्या गर्दीत, कमरेत वाकला आणि मान खाली घालून त्याने हाताला तोंड लावलं. बराच वेळ तो तसाच वाकलेला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, सुधीरने वळून त्याला हात केला, थांब म्हणून, आणि तो थांबला.